हौशी बिनतारीचा परवाना

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हौशी बिनतारीवाले आपली यंत्रे घेऊन धावले व निरोप पोचवू लागले. हा छंद श्रीमंतांचा, असे जालन्यात आम्ही पुष्कळदा ऐकतो. ते खरे नव्हे. १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकास दूरसंचार खात्याची परीक्षा देता येते. बिनतारीची मूलतत्त्वे आणि नियम, एवढाच अभ्यास. वरच्या वर्गास मोर्सची कट्टकड, मिनिटाला ८ शब्द, यावी लागते. खालच्यास ती माफ. पोलाद कारखान्यातील वायरमनला हे जड नाही. मात्र रोज बोलण्याची सवय हवी, नुसता परवाना आपत्तीत कामाचा नाही. धंद्याला येथे बंदी: बियाण्याचा भाव सांगता येत नाही. संघटनेच्या सभेची दवंडी तर आम्ही अजून फळ्यावर खडूनेच लिहितो.