जिंतूर ते गंगाखेड, दहा सेकंद

टेहळणी उपग्रह आपल्या डोक्यावर ठाण मांडून बसलाय आणि खालचं सगळं न्याहाळतोय, ही समजूत सिनेमांनी पक्की केली. जवळून बघायचं तर त्याला ठाण मांडताच येत नाही. एवढ्या कमी उंचीवर थांबला की पडलाच. इस्रोचा कार्टोसॅट-3 नोव्हेंबर 2019 मध्ये 509 किलोमीटरच्या कक्षेत गेला. परभणीहून मुंबई जितकी लांब, साधारण तितकीच ही उंची. तिथून खालची जमीन सेकंदाला सात किलोमीटरने मागे पडते. परभणी जिल्ह्यात जिंतूर ते गंगाखेड सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर, म्हणजे दहा सेकंदांचा मामला. दीड तासाने तो पुन्हा याच अक्षांशावर येतो, पण तोवर पृथ्वी फिरलेली असते आणि त्याच्याखाली अरबस्तानचं वाळवंट असतं.

त्याच्या कक्षेची खुबी वेगळीच आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे. त्या फुगवट्याच्या ओढीने ध्रुवांजवळून जाणारी ही कक्षा रोज जवळपास एक अंश वळत राहते आणि सूर्याशी तिचा कोन वर्षभर तोच राहतो. त्यामुळे उपग्रह कधीही आला तरी खाली घड्याळात जवळपास तीच वेळ असते. हेराला हेच हवं असतं. लागोपाठच्या दोन फोटोंत सावल्या सारख्या पडल्या, की नवी शेड किंवा हललेला ट्रक लगेच उठून दिसतो.

फोटो एका क्लिकमध्ये निघत नाही. झेरॉक्स मशिनीतला उजेडाचा पट्टा जसा कागदावरून सरकतो, तशी सेन्सरची ओळ जमिनीवरून सरकते आणि रेघेला रेघ जोडून चित्र तयार होतं. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 25 सेंटिमीटर. शेतातला बैल लांबीला आठेक ठिपके भरेल, औत हाकणारा माणूस वरून जेमतेम दोन-तीन. चेहरा आणि नंबरप्लेट विसराच.

एवढं करून परभणीची खरी अडचण ऑगस्टमध्ये येते. सोयाबीन पाण्याखाली जातं तेव्हाच वर ढगांचं छत असतं आणि कॅमेऱ्याला दिसतो नुसता पांढरा कापूस. अशा वेळी रडारच कामाचं. इस्रोने रिसॅट-1 सोडला 2012 मध्ये, त्याच घराण्यातला ईओएस-04 फेब्रुवारी 2022 मध्ये. असे उपग्रह स्वतःच रेडिओलहरी सोडतात, ढगांतून, रात्रीसुद्धा, आणि परतणारा प्रतिध्वनी टिपतात. नांगरलेली ढेकळं आणि पानं लहरी इकडेतिकडे उधळतात, त्यातल्या काही परत येतात, म्हणून ती उजळ दिसतात. साचलेलं संथ पाणी लहर पलीकडे परतवून देतं. उपग्रहाकडे काहीच येत नाही, चित्रात काळा डाग उमटतो. गोदावरी गंगाखेडला पात्राबाहेर पडली, तर ती अशी काळी दिसेल.

मात्र पिकाचे शेंडे पाण्यावर असतील, तर लहर पाण्यावरून देठांवर आपटून माघारी येते आणि बुडालेलं शेत उलट जास्तच उजळ दिसू शकतं. हा घोळ निस्तरायला आधीच्या फेरीतलं चित्र शेजारी ठेवावं लागतं. आणि उपग्रह येण्याआधीच पाणी ओसरलं असेल, तर काळा डागही नाही. मग मुळं कुजली की नाही, हे बघायला चिखल तुडवत बांधावर जावंच लागतं.