भिंतीवरची बंदूक आणि डब्यातले कागद

घरातला कर्ता माणूस गेला, दिवसकार्य आटोपलं, की कागदांची शोधाशोध सुरू होते. बँकेचं पासबुक, विम्याची पॉलिसी, सातबारा, रेशनकार्ड... बचत गटाच्या निमित्ताने अशा किती घरांत मी बसले असेन, त्याला हिशोब नाही. पण २०२२च्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका काकींकडे गेले आणि माझीच बोलती बंद झाली. तळकोकणातलं जुनं घर. ओटीवर खुंटीला काकांची बारा बोअरची दुनळी टांगलेली. रानडुकरं आणि माकडं भात-काजूची पार नासाडी करतात, म्हणून काकांनी पीक संरक्षणासाठी रीतसर परवाना काढून घेतलेली.

"आता हिचं काय करायचं काकी?" मी विचारलं.

"रवांदे गो थंयच. तेंचो हात लागलेलो आसा तिका," काकी पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

मला पुढे बोलवेना. पण घरी आल्यावर चैन पडेना, म्हणून ओळखीच्या वकीलताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. परवाना हा माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नाही. काका गेले आणि त्यांच्याबरोबर परवानाही गेला. १९५९च्या शस्त्र कायद्यातल्या २१व्या कलमाप्रमाणे वारसांनी ती बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला हवी. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद. म्हणजे नवऱ्याची आठवण म्हणून जपलेली वस्तू या बाईला कोर्टाची पायरी चढायला लावू शकली असती!

दुसऱ्या दिवशी काकींकडे पोहोचले, तर तिथे वेगळंच चाललेलं. मुंबईहून आलेला पुतण्या मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवत होता. एकामागून एक बार काढणारी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन. तिला कुणी नवा दस्ता बसवतोय, कुणी टॉर्च लावतोय. "काकी, ही विकू आणि असली घेऊ. नाहीतर हिचीच नळी कापून आखूड करू. जीपमध्ये मावेल. कारागीर आहे माझ्या ओळखीचा!"

पोरगा मनाने वाईट नाही हो. पण मोबाईलवर दिसतं ते सगळं आपल्याकडे चालतं, असं त्याला वाटत होतं. वकीलताईंनी त्याला फोनवरच समजावलं. असली आपोआप पुढचं काडतूस घेणारी लांब बंदूक आपल्या नियमांत प्रतिबंधित गटात येते, पीक संरक्षणाच्या साध्या परवान्यावर ती मिळत नाही. वीस इंचांपेक्षा आखूड नळीची बंदूकही त्याच गटात. आणि परवानगीशिवाय नळी कापली, तर किमान सात वर्षं कैद, जास्तीत जास्त जन्मठेप! ज्या अमेरिकेचे व्हिडिओ तो बघत होता, तिथेही १९३४च्या कायद्यापासून अठरा इंचांपेक्षा आखूड नळीच्या शॉटगनची केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी करावी लागते. मग बदल काहीच करता येत नाहीत का? येतात. पट्टा बदलता येतो, फुटलेला दस्ता नवा बसवता येतो, खांद्याला दणका बसू नये म्हणून मागे रबर लावता येतं. पण तेही परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडूनच. ओळखीच्या लोहाराकडे नव्हे.

पुतण्या गप्प झाला. काकींनी मात्र त्याच दुपारी खुंटीवरून दुनळी काढली, जुन्या चादरीत गुंडाळली, उरलेली काडतुसं मोजून वेगळ्या डब्यात भरली. आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. बंदूक जमा केली, पावती घेतली. रिक्षात बसल्यावर काकींना हुंदका आवरेना. "आज खरे गेले ते," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, विषय संपला. आता विक्रेत्याला विकतील, चार पैसे येतील. पण महिनाभराने काकी माझ्या दारात हजर. "वारसाच्या नावावर होता म्हणे परवानो. माका अर्ज भरून दी."

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं जे सगळ्या गावाच्या मनात आलं. या वयात, बाईमाणसाला कशाला बंदूक? माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं असावं. म्हणाल्या, "काजी राखूच्यो कोणी? माकडां बाईमाणूस बघून परत जातत काय?" यावर मी काय बोलणार! २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला अर्ज करता येतो. त्यात पत्नी आली, मुलगी आली. आपल्या मनात मात्र 'वारस' म्हटलं की मुलगा नाहीतर पुतण्याच येतो.

मग जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती, पोलीस पडताळणी, बंदूक हाताळायचं प्रशिक्षण. वर्षभर हेलपाटे झाले. परवाना हातात आला, त्यावरचा ओळख क्रमांक काकींनी चष्मा लावून दोनदा वाचला. ओटीवरची खुंटी त्यांनी स्वतःच उपटून टाकली. दुनळी आता कुलपाच्या लोखंडी कपाटात, काडतुसं दुसरीकडे, चावी काकींच्या कमरेला. नातवंडं सुट्टीला येतात ना! २०२४च्या निवडणुकीत बंदूक जमा करायची नोटीस आली, तेव्हा त्या एकट्याच ठाण्यात जाऊन आल्या.

बंदूक हातात आली म्हणून काकी शिकारी झाल्या नाहीत. परवाना असला तरी १९७२च्या वन्यजीव कायद्यातून सुटका नसते. त्या फक्त हवेत बार काढून माकडांना पळवतात. आणि बागेत जाताना रोज बरोबर काय असतं? कमरेच्या आकडीला कोयती, हातात विजेरी, गळ्यात शिट्टी आणि मोबाईलमध्ये ११२ नंबर. कोयतीला परवाना लागत नाही, कारण ती शेतीचं अवजार. पण पोरं हौसेने मागवतात तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा घरकामाचा नाही, शेतीचाही नाही, म्हणून तो कायद्याच्या शस्त्रांच्या यादीत जातो. आपल्या घरातल्या मुलांचे कप्पे एकदा बघून घ्या बाई!

प्रत्येकीने बंदूक घ्यावी, असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझ्या घरात मला ती नकोच. पण तुमच्या घरात, माहेरी, सासरी अशी एखादी बंदूक असेल, तर आजच विचारा. परवाना कुणाच्या नावावर आहे? मुदत कधी संपते? हल्ली तो पाच वर्षांचा असतो. काडतुसं किती आहेत? चावी कुणाकडे आहे? माणूस सत्तरीला पोहोचला असेल किंवा पंचवीस वर्षं बंदूक सांभाळत असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे करायचीही सोय नियमांत आहे.

आणि ठेवायची नसेल तर जमा करा, विका. निर्णय काहीही असो, तो तुमचा असू द्या. काकींच्या पत्र्याच्या डब्यात आता सातबारा, पासबुक आणि परवाना शेजारी शेजारी आहेत. तिन्हींवर नाव काकींचंच.

तुमच्या डब्यातल्या कागदांवर कुणाचं नाव आहे, बघितलंत कधी?