न दिसणारे कुपोषण

कुपोषण म्हटले की हाडांचा सापळा झालेले मूल आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी हे चित्र मनावर ठसवले आहे. परंतु कुपोषणाचे सर्वांत व्यापक रूप असे चटकन दिसतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी सुमारे २६ मुले उंचीच्या मानाने कृश, तर ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आहेत.

खुजे मूल आजारी वाटत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मी अंगणवाडीतील मुलांची उंची मोजत होते. दोन वर्षांची वाटलेली एक हसरी मुलगी तीन वर्षांची निघाली. उंची भरली ८५ सेंटिमीटर. या वयात ती साधारण ९५ असावी. "आमच्या घरात सगळीच ठेंगणी, बाई," तिची आजी म्हणाली. आपल्यालाही असेच वाटते. पण जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतील, त्यांत दिल्लीच्याही, सुस्थितीतील मुलांची वाढ मोजली, तेव्हा बालवयातील उंची सगळीकडे जवळजवळ सारखीच आढळली. २००६ सालची वाढीची प्रमाणके त्यावरच आधारलेली आहेत. म्हणजे लहानपणीच्या या फरकाचे मूळ वंशापेक्षा परिस्थितीत अधिक आहे.

मग वाढ अडते कोठे? पुष्कळदा आईच्या पोटातच. कारण आईच अर्धपोटी असते. दुसरी अडचण सहाव्या महिन्यानंतर येते. तोवर आईचे दूध पुरते, पुढे ते एकटे पुरत नाही. अशा वेळी वरणाचे पाणी किंवा पातळ पेज दिली जाते. तिने पोट भरते, शक्ती मिळत नाही. इवल्याशा पोटाला घट्ट, चमचाभर तेल-तूप घातलेले अन्न दिवसातून तीन-चार वेळा लागते. पण आई सकाळीच मजुरीला गेली, तर भरवणार कोण? त्यात दूषित पाण्याने जुलाब लागले, की खाल्लेले अंगी लागत नाही. आणि अशक्त मुलाला पुन्हा जुलाब होतात.

मेंदूची वाढही याच काळात झपाट्याने होते. दोन वर्षांपर्यंत गमावलेले पुढे भरून काढणे फार कठीण.

म्हणून अंगणवाडीतील वाढीच्या तक्त्याला मोल आहे. एकदाच केलेल्या वजनापेक्षा त्यावरील रेषा अधिक बोलते. ती दोन महिने आडवी राहिली, तर मूल हसत-खेळत असतानाच सावध व्हावे. उद्या आपल्यापैकी कोणी शिक्षक होतील, कोणी सरपंच, बहुतेक जण आईबाप. "मूल बरे आहे ना?" एवढ्यावर न थांबता "किती वाढले?" हेही आपण विचारायला शिकले पाहिजे.