शिकविणाऱ्यांची परीक्षा

पाठ चालू असतां एखादा विद्यार्थी खिडकीबाहेर पाहूं लागला, कीं आम्हीं शिक्षक त्यास दोष देतों. त्या वेळीं परीक्षा आमच्या शिकविण्याचीच होत असते, हें मात्र आमच्या ध्यानांत येत नाहीं. या दृष्टीनें 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकेंतील मुलांच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमाचा इतिहास बोधप्रद आहे.

गरीब घरचीं मुलें शाळेंत येतांनाच मागें पडलेलीं असतात. परंतु अमेरिकेंत त्या काळीं बहुतेक गरीब घरींहि दूरचित्रवाणी होती. तिच्या द्वारें त्यांस अक्षरें व अंक शिकवितां येतील काय, असा विचार जोन गँझ कूनी व लॉइड मॉरिसेट यांनीं केला. शहरांतील एक गल्ली, तींतील रहिवासी व जिम हेन्सन यांच्या बाहुल्या, अशी त्यांच्या कार्यक्रमाची रचना होती. १० नोव्हेंबर १९६९ रोजीं त्याचा पहिला भाग प्रक्षेपित झाला.

तत्पूर्वीं उन्हाळ्यांत नमुन्याचे पांच भाग लहान मुलांस दाखविण्यांत आले. एडवर्ड पामर या संशोधकांची परीक्षेची रीति मोठी युक्तीची होती. शेजारीं दुसरा पडदा ठेवून त्यावरील चित्र दर साडेसात सेकंदांनीं बदलावयाचें, आणि मुलाची दृष्टि तिकडे केव्हां वळते तें टिपून ठेवावयाचें. बाहुल्या असतां मुलें टक लावून पाहत. गल्लींतील माणसें बोलूं लागलीं, कीं त्यांची दृष्टि भरकटत असे. खरीं माणसें व बाहुल्या एकत्र आणूं नयेत, मुलांचा गोंधळ होईल, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. निर्मात्यांनीं तो बाजूस ठेवून मुलांचा कौल मानिला. म्हणूनच बिग बर्ड हा थोरला पिवळा पक्षी व कचऱ्याच्या डब्यांत राहणारा ऑस्कर त्या गल्लींत राहावयास आले.

पुढें १९८२ मध्यें गल्लींतील दुकानदार हूपर यांची भूमिका करणारे विल ली वारले. हूपर परगांवीं गेले, असें सांगणें सोपें होतें. तथापि मुलांस सत्यच सांगावयाचें ठरलें. १९८३ च्या नोव्हेंबरांतील भागांत बिग बर्ड हूपरसाठीं काढलेलें चित्र घेऊन येतो. तेव्हां ते पुनः कधींच येणार नाहींत, असें मोठीं माणसें त्यास प्रेमानें समजावितात. हा भागहि प्रक्षेपणापूर्वीं मुलांस दाखवून पाहिला होता.

या कार्यक्रमाच्या आवृत्त्या अनेक देशांत निघाल्या; २००६ मध्यें हिंदींत 'गली गली सिम सिम' सुरू झाला. अक्षरें पुष्कळांनीं शिकविलीं आहेत; परंतु आपण नीट शिकवितों कीं नाहीं, हें बालकासच विचारण्याची नम्रता विरळा. आमच्या वर्गांत दुसरा पडदा नाहीं, खिडकी आहे. मुलाची दृष्टि तिकडे वळली, तर प्रथम आम्हीं आपला पाठ तपासावा, हें बरें.