‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे कॅन्सर नव्हे!

२०२१पासून अमेरिकेतल्या कायद्यामुळे बायोप्सीचा रिपोर्ट बहुतेक वेळा डॉक्टरांचा फोन येण्याआधीच आपल्या मोबाइलवर येतो. त्यात ‘रिअ‍ॅक्टिव्ह अटिपिया’ असे शब्द दिसले की आई-बाबा मुलांना अर्थ विचारतात, मुले गूगलला विचारतात, आणि घरात कोणाला झोप लागत नाही.

या शब्दांचा अर्थ कॅन्सर नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. त्या भरून काढायला नव्या पेशी घाईने तयार होतात. त्यांची केंद्रके मोठी आणि गडद दिसतात. अडचण अशी की डिसप्लेशिया, म्हणजे कॅन्सरच्या वाटेवरच्या पेशीही, बऱ्याचशा अशाच दिसतात.

मग पॅथॉलॉजिस्ट फरक कसा ओळखतात? अस्तरात बारीक नळ्यांसारख्या ग्रंथी असतात. पेशी तळाशी जन्मते आणि वर सरकताना परिपक्व होते. सुजेमुळे बदललेली पेशी पृष्ठभागापर्यंत पोचताना बहुधा पुन्हा नीटनेटकी होते. डिसप्लेशियातली पेशी वरपर्यंत तशीच बिघडलेली राहते. जखमेच्या काठावर मात्र ही खूणही फसवते.

म्हणूनच १९८३ साली तज्ज्ञांच्या गटाने ठरवलेल्या वर्गवारीत ‘डिसप्लेशिया नाही’ आणि ‘आहे’ यांच्यामध्ये ‘इनडेफिनिट’, म्हणजे ‘आत्ता सांगता येत नाही’, असा तिसरा वर्ग आहे. ही टाळाटाळ नव्हे, प्रामाणिकपणा आहे. अशा वेळी आधी औषधांनी सूज उतरवतात आणि पुन्हा बायोप्सी घेतात. ‘डिसप्लेशिया’ असा निष्कर्ष आला, तर आतड्याच्या आजारांतल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्यावे, असे मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. ते मागायला संकोच नको.

हा विषय आपल्या घरातलाही आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर परिसरात १९९०च्या दशकात झालेल्या अभ्यासात तिथल्या भारतीय कुटुंबांत हा आजार स्थानिकांपेक्षा जास्त आढळला होता. तेव्हा शौचातून रक्त गेले तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसू नका.

आणि आजार आठ वर्षांचा झाला, की त्रास नसला तरी तपासणीची कोलोनोस्कोपी सुरू करायची असते. यकृताच्या पित्तनलिकांचा पीएससी हा आजार सोबत असेल तर निदान झाल्याबरोबर. शक्यतो सूज शांत असताना ती करावी. तेव्हा पेशी वाचायला सोप्या जातात.