फायलींना नावं ठेवताना

नावं ठेवण्यात आपण मराठी माणसं पटाईत. फायलींना नावं ठेवताना मात्र जरा जपून, मंडळी! वाकड्या नावाची फाईल कमांड लाइनवरून पुसायला जावं आणि भलतीच जावी, असं सहज होतं. तिथं पुसलेली फाईल कचरापेटीत पडत नाही. गेली ती गेलीच. ती आजीच्या आवाजातली गोष्ट असली तर?

आमच्या वेस्ट विंडसरहून गाडीनं तासाभरावर मरे हिल. तिथं बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. आजचे मॅक आणि लिनक्स त्याच वळणाचे. युनिक्समध्ये तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून फाईलच्या नावात काहीही चालतं. घोळ इथंच सुरू होतो.

पुसायचा हुकूम 'आरएम'. (हुकूम इथं देवनागरीत दिलेत, प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाईप करायचे.) 'गणपती फोटो' असं मोकळी जागा असलेलं नाव दिलं, की त्याला त्या दोन फायली वाटतात. नुसती 'गणपती' नावाची फाईल शेजारी असली तर तीच जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी! म्हणून पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घालावं. नावाची सुरुवातच आडव्या रेघेनं असली, तर हुकूम तिला सूचना समजतो. अशा वेळी नावाआधी ./ लावावं: आरएम ./-जुनी

फायलींना मराठी नावं देता येतात, त्याचं श्रेयही बरंचसं न्यू जर्सीचंच. १९९२ साली थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी इथल्याच एका डायनरमध्ये बसून यूटीएफ-८ ची आखणी केली. पण मराठीची एक खास गंमत आहे. 'दुसऱ्या वाढदिवसा'तला अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला मात्र दोन निराळी नावं. मग फाईल डोळ्यांसमोर असते आणि यंत्र म्हणतं, अशी फाईलच नाही!

अशा वेळी नावाचा नाद सोडावा. प्रत्येक फाईलला यंत्रानं दिलेला एक क्रमांक असतो, 'आयनोड'. तो 'एलएस -आय' दिल्यावर दिसतो. समजा ४८२१३ आला, तर:

फाइंड . -आयनम ४८२१३

हवी तीच एक फाईल दिसली, की त्याच हुकमाच्या शेवटी -डिलीट जोडावं. एवढीही खटपट नको असेल, तर 'आरएम -आय ./*' द्यावं. तो एकेका फाईलबद्दल विचारतो. नको त्या फाईलला 'वाय', बाकी सगळ्यांना 'एन'.

आणि काहीही पुसण्याआधी फोटो-आवाजांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. नावं मराठीतच द्या, फक्त शब्दांच्या मध्ये खालची रेघ घाला आणि सुरुवात अक्षरानं करा.