संस्थेच्या तिजोरीपर्यंत न पोचलेला खटला

30 एप्रिल 2019 रोजी सुरतच्या सत्र न्यायालयाने धर्मगुरू म्हणवणाऱ्या आसारामचा मुलगा नारायण साई याला जन्मठेप सुनावली. गुन्हा बलात्काराचा. तो घडला 2002 ते 2005 या काळात, तापीपलीकडच्या जहांगीरपुऱ्यातल्या आश्रमात. फिर्याद नोंदली गेली ऑक्टोबर 2013 मध्ये. दोघी बहिणी एकत्र पुढे आल्या होत्या. धाकटीची तक्रार मुलाविरुद्ध, थोरलीची बापाविरुद्ध. थोरलीच्या खटल्यात गांधीनगरच्या न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये आसारामलाही जन्मठेप दिली. सुरतच्या निकालात पीडितेला पाच लाख रुपये भरपाईचा आदेश होता. गांधीनगरच्या निकालात भरपाई होती पन्नास हजार.

पन्नास हजार रुपये. याच प्रकरणाच्या तपासात सुरत पोलिसांच्या हाती आश्रमाच्या व्यवहारांची 42 पोती कागदपत्रे लागली होती. ती पुढे आयकर खात्याकडे गेली आणि सुमारे 2,300 कोटींची अघोषित संपत्ती असल्याच्या बातम्या 2016 मध्ये आल्या. माणसे तुरुंगात गेली, हे मोठेच झाले. पण ज्या संस्थेच्या छपराखाली, जिच्या शिस्तीच्या नि श्रद्धेच्या आडोशाने हे घडले, ती पीडितांचे देणे लागते असे कुणी म्हटलेच नाही. इतरत्र असे म्हटले गेले आहे, आणि ते म्हणणे संस्थांना दिवाळखोरीपर्यंत घेऊन गेले आहे.

सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सचे. (आपल्याकडच्या भारत स्काउट्स आणि गाइड्सचा या प्रकरणाशी संबंध नाही.) 1910 साली स्थापन झालेली ही संघटना मुलांचा छळ करणाऱ्या स्काउटमास्तरांच्या गुप्त फायली अनेक दशके स्वतःजवळ ठेवत होती. त्यांना काढून टाकले जाई, पोलिसांत मात्र पुष्कळदा कळवले जात नसे. 2010 मध्ये पोर्टलंडच्या ज्यूरीने एकाच पीडिताच्या दाव्यात संघटनेला 1 कोटी 85 लाख डॉलरचा दंडात्मक भुर्दंड बसवला. 2012 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने त्या फायलींची सुमारे वीस हजार पाने खुली झाली. मग न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी कायदे बदलले आणि मुदत उलटून गेलेल्या जुन्या दाव्यांसाठी काही काळ दार उघडे केले. दावे धडाधड दाखल होऊ लागले, तेव्हा 18 फेब्रुवारी 2020 रोजी संघटनेने डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला.

सुरतेच्या रिंगरोडवरच्या कापडबाजारात ‘पार्टी उठली’ म्हणतात तेव्हा दुकानाला कुलूप असते, फोन बंद असतो आणि माल उधार दिलेला विणकर डोक्याला हात लावून बसलेला असतो. स्काउट्सची दिवाळखोरी तशी नव्हती. अमेरिकेच्या कायद्यातल्या अकराव्या प्रकरणाखाली अर्जदार संस्था चालूच राहते. अर्ज पडताच तिच्याविरुद्धचे सगळे दावे जागच्या जागी थांबतात. न्यायालय एक तारीख ठरवते आणि ज्याचे काही येणे असेल त्याने तोवर यावे असे जाहीर करते. इथे ती तारीख 16 नोव्हेंबर 2020 होती. तोवर 82 हजारांहून जास्त माणसे आली. त्यांतली कित्येक आता म्हातारी झालेली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हे सांगत होती.

त्यांच्यासाठी 246 कोटी डॉलरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे वीस हजार कोटी रुपयांचा निधी उभा राहिला. त्यातला बराचसा पैसा विमा कंपन्यांचा आणि जवळपास अडीचशे स्थानिक शाखांचा. अत्याचाराचे स्वरूप पाहून दाव्यामागे साडेतीन हजारांपासून 27 लाख डॉलरपर्यंतचा तक्ता ठरला. सरासरी काढली तर माणशी तीस हजार डॉलर येतात. एका उद्ध्वस्त बालपणापुढे ही रक्कम फार नाही. शिवाय पैशाच्या बदल्यात विमा कंपन्यांना आणि शाखांना पुढच्या सगळ्या दाव्यांपासून कायमची मोकळीक मिळाली. ज्यांच्या राज्यांत मुदतीचे दार बंदच राहिले, त्यांचे दावे कमी लेखले गेले. हे मला अन्यायाचे वाटते. अशी सक्तीची माफी देता येत नाही असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये पर्ड्यू या औषध कंपनीच्या प्रकरणात सांगितले, पण स्काउट्सची योजना तोवर अमलात आली होती आणि ती टिकली.

इतके असूनही संस्थेला आपल्या मालमत्तेची यादी न्यायालयापुढे मांडावी लागली आणि पीडितांची मोजणी झाली.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण इस्कॉनचे आहे. त्यांच्या गुरुकुलांतल्या मुलांच्या छळाबद्दल 1998 मध्ये संस्थेच्याच नियतकालिकात समाजशास्त्रज्ञ बर्क रॉचफर्ड यांनी सविस्तर लिहिले. 2000 साली टेक्सासमध्ये 40 कोटी डॉलरचा दावा पडला. त्यात अमेरिकेतल्या शाळांबरोबर वृंदावन आणि मायापूरच्या शाळाही होत्या. 2002 मध्ये अमेरिकेतल्या काही इस्कॉन संस्थांनी दिवाळखोरी पत्करली, आणि 2005 मध्ये पाचशेहून अधिक दावेदारांसाठी 95 लाख डॉलरची तडजोड झाली. वृंदावनात जे घडले त्याचा जाब अमेरिकेतल्या न्यायालयात विचारला गेला. भारतात तो का विचारता आला नसता?

पहिला अडसर मुदतीचा. गंभीर गुन्ह्याच्या फिर्यादीला आपल्याकडे मुदत नाही, म्हणून तर सुरतच्या बहिणींना 2013 मध्ये पोलिसांत जाता आले. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला मात्र 1963 चा मुदतीचा कायदा साधारणपणे तीनच वर्षे देतो. पीडित अज्ञान असेल तर ती तीन वर्षे अठरा पूर्ण झाल्यावर सुरू होतात. म्हणजे एकविसाव्या वर्षी दार बंद. 2005 मध्ये थांबलेल्या अत्याचाराचा हिशेब मांडला, तर दिवाणी दाव्याची मुदत 2008 मध्येच संपली होती, फिर्यादीच्या पाच वर्षे आधी. आश्रमात, वसतिगृहात, शिबिरात छळ झालेले मूल एकविसाव्या वर्षापर्यंत घरीसुद्धा तोंड उघडत नाही. हे आपल्या घरांत, सुरतेतल्या लिंबायत-उधन्याच्या खानदेशी वस्तीतही, सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरे, दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरा, आणि वकिलाची फीही स्वतःच द्या. अमेरिकेत वकील जिंकलेल्या रकमेतला वाटा घेऊन गरिबाचा दावा लढवतो. आपल्याकडे त्याला बंदी आहे. ती बंदी चांगल्या हेतूची असेल, पण तिचा भार दुबळ्याच्याच खांद्यावर येतो. आणि विश्वस्त संस्थेला तर 2016 च्या दिवाळखोरी संहितेत कंपन्यांसाठी असलेली प्रक्रियाच लागू नाही. ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली. तिथे ताळेबंद जातो, जमाखर्च जातो, मुलांच्या तक्रारी जात नाहीत.

राहिली ती सरकारी मदत. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली विशेष न्यायालय मुलाला अंतरिम आणि अंतिम भरपाई मंजूर करू शकते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. हे वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण कित्येक कुटुंबांना याचा पत्ताच नसतो. पण ते पैसे तुमच्या-माझ्या करातून जातात. त्याच कायद्यात संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्याचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. संस्थेच्या तिजोरीला हात लागत नाही.

आणि त्या तिजोरीत काय ताकद असते हे सुरतने पाहिले आहे. नारायण साईला मदत करण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सुरत पोलिसांचाच एक उपनिरीक्षक पकडला गेला, कोट्यवधींची रोकड जप्त झाली. साक्षीदारांवर हल्ले झाले. सुरतेत एकावर ॲसिड फेकले गेले, राजकोट, मुझफ्फरनगर आणि शाहजहानपूर इथे तिघांना गोळ्या घालून मारले गेले. या प्रकरणातल्या साक्षीदारांच्या याचिकेवरच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. इतकी किंमत मोजून त्या बहिणी आणि त्यांचे साक्षीदार टिकले.

नोकराच्या कृत्याची किंवा आपल्या जागेतल्या निष्काळजीपणाची भरपाई मालकाने द्यावी हे तत्त्व आपल्या न्यायालयांना नवे नाही. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाच्या आगीत 59 माणसे गेली, तेव्हा थिएटरच्या मालकांना भरपाई द्यावी लागली. मुलांच्या लैंगिक छळासाठी तेवढ्यापुरती मुदत काढून टाकणे, किंवा निदान गुन्हा सिद्ध झाल्याच्या दिवसापासून ती मोजणे, हे संसदेला करता येण्यासारखे आहे. मुले ठेवून घेणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला विमा सक्तीचा केला, तर विमा कंपनीच येऊन विचारेल की रात्री वसतिगृहात मुलांजवळ कोण झोपते, किल्ल्या कुणाकडे असतात आणि मागची तक्रार कोणत्या वहीत लिहिली आहे.